संध्याकाळची रडारड आणि वरच्या दुधाचा डबा

प्रश्न : मुलगी ३ आठवड्यांची आहे, फक्त अंगावरच पिते. दिवसा ठीक असते, पण संध्याकाळी ६ वाजले की सारखी दूध मागते, मध्येच तोंड सोडून रडते. तेव्हा छातीही मऊ लागते. सासूबाई म्हणतात, दूध पुरत नाही, डबा आणा. आणावा का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : आधी लंगोट मोजा. २४ तासांत ६ किंवा जास्त लंगोट भिजत असतील, लघवी फिकट असेल, जन्माचं वजन दोन आठवड्यांत भरून आलं असेल आणि आता आठवड्याला १५०-२०० ग्रॅम वाढत असेल, तर दूध पुरतंय. वजन दर वेळी त्याच काट्यावर, कपडे काढून करा. छाती मऊ लागली म्हणून ती रिकामी होत नाही. संध्याकाळी बरीच बाळं लागोपाठ पितात. ही रडारड सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोहोचते आणि ३-४ महिन्यांत ओसरते. डबा सुरू केला की बाळ पोटभर पिऊन झोपतं, अंगावर कमी ओढतं आणि मग दूध खरोखरच घटतं. सासूबाईंना लंगोटांचा आणि वजनाचा हिशेब दाखवा, वाद मिटेल.

मध्येच तोंड सोडते, तेव्हा पकड तपासा. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा. स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरच्या ओठाकडे जास्त दिसायला हवा. टचटच आवाज आला, गाल आत गेले किंवा तुम्हाला दुखलं, तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून सरकवून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. ओढून काढू नका, चिरा पडतात. धार जोराची येऊन ठसका लागत असेल तर मागे रेलून पाजा. एक बाजू तिने आपण होऊन सोडली की ढेकर काढून दुसरी द्या.

मुठी चोखायला लागली, तोंड इकडेतिकडे वळवायला लागली की लगेच घ्या. रडून लालबुंद झालेलं बाळ धरतच नाही. अशा वेळी दिवा मंद करून, तिला लंगोटावरच उघड्या छातीशी घ्या, वरून पांघरूण घ्या, थोड्या फेऱ्या मारा, मग लावा.

ग्राइप वॉटर, बाळघुटी, पाणी ६ महिन्यांपर्यंत नको. मध वर्षभर अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम (जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार) होऊ शकतो. ताप ३८ सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त, हिरवी उलटी, दूध न घेणं, सुस्ती, यांपैकी एकही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

प्रश्न : घोडियुंत (कापडी झोळीच्या गुजराती पाळण्यात) बाळ पटकन झोपतं. रात्रभर त्यातच ठेवलं तर?

उत्तर : नको. कापडाच्या झोळीत हनुवटी छातीवर येते आणि श्वास अडू शकतो. नजरेसमोर हलके झोके द्यायला हरकत नाही. झोप लागली की सपाट, टणक गादीवर उताणं ठेवा, आसपास उशी-दुलई नको.