प्लॅस्टिकच्या मॉडेल रेल्वे इंजिनाच्या शेलवरचा (बाहेरच्या कवचावरचा) कंपनीचा रंग कसा काढायचा? ब्रेक ऑईलमध्ये रात्रभर बुडवून ठेवलं तर चालेल का?

'रात्रभर' वाचलं आणि राहवलं नाही. नका ठेवू.

आमच्याकडे एचओ स्केलची (खऱ्याच्या १:८७ मापाची) दोन डिझेल इंजिनं होती, एकाच सेटमधली, एक दादाचं आणि एक माझं. लहानपणी खेळून खेळून दोन्हींचे टवके उडालेले, म्हणून मोठेपणी ठरवलं की रंग पूर्ण काढून नव्याने रंगवायची. दादाला कोणीतरी सांगितलं होतं की ब्रेक ऑईलमध्ये टाक, सकाळी रंग आपोआप गळतो. मी म्हटलं आधी शेलच्या आतून एक थेंब लावून बघू, तर म्हणाला काही होत नाही रे, आणि पहिलं शेल बुडवलं ते माझं. सकाळी रंग गळालेला होता हे खरंय, अगदी साफ, पण मी टूथब्रश फिरवायला घेतला आणि कॅबच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या केबिनच्या, दोन खिडक्यांमधली ती काडीएवढी पट्टी कट्कन तुटली. जोर लावलाच नव्हता. उजेडात धरलं तर छताच्या कडेने केसासारख्या चिरा. दादा आजही म्हणतो की प्लॅस्टिकच जुनं होतं, ते जाणारच होतं.

मग दुसरं कसं टिकलं? तेही तेवढंच जुनं, त्याच सेटमधलं. ते मी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ठेवलं, झाकणाच्या डब्यात, आणि दर वीस मिनिटांनी काढून मऊ टूथब्रशने घासत बसलो. आधी नंबर गेले, मग पट्टा, मग मूळ रंग सुरकुतला आणि सालीसारखा सुटायला लागला. दारांच्या फटीतला रंग टूथपिकने काढला, स्टीलची सुई लावलीच नाही. सगळी दुपार गेली पण एकेक रिव्हेट जागेवर आहे, आणि ती खिडकीची पट्टीसुद्धा. म्हणजे दोष प्लॅस्टिकच्या वयाचा नव्हता, न बघता रात्रभर ठेवण्याचा होता. साच्यातून निघताना प्लॅस्टिकमध्ये ताण अडकून राहतो, कोपऱ्यात आणि बारीक जागी जास्त, आणि न मानवणारं केमिकल तिथेच चीर पाडतं. हे मी दादाला किती वेळा सांगितलंय.

जुन्या रंगावरच नवा रंग मारा असं सांगणारेही भेटतील. अजिबात ऐकू नका. जाड थराखाली रिव्हेट आणि जाळ्या बुजतात, मग ते इंजिन साबणाच्या वडीसारखं दिसतं.

आता ब्रेक ऑईलबद्दल खरं ते सांगतो, ते वापरून चांगली शेलं काढलेले लोक आहेत. पण ते डॉट ३ किंवा ४ लागतं (हा ब्रेक ऑईलचा प्रकार, बाटलीवर लिहिलेला असतो), डॉट ५ सिलिकॉनचं असतं, त्याने रंग निघत नाही. आणि प्रत्येक कंपनीचं प्लॅस्टिक वेगळं, त्यामुळे आतून थेंब लावून बघणं आयसोप्रोपिललाही लागू आहे, तेही काही शेलांना मानवत नाही. एसिटोन आणि लॅकर थिनर मात्र लांबच ठेवा, त्यात प्लॅस्टिकच विरघळतं.

हे आधी लिहायला हवं होतं, खिडक्यांच्या काचा, दिवे, वजन सगळं काढूनच शेल बुडवा, काचेचं पारदर्शक प्लॅस्टिक अल्कोहोलमध्ये तडकू शकतं. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला, जवळपास ज्योत नको कारण आयसोप्रोपिल पटकन पेट घेतं. नंतर भांड्यांच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळू द्या आणि प्रायमर मारेपर्यंत उघड्या बोटांनी धरू नका. आणि फक्त नंबरच बदलायचा असेल तर अख्खं शेल बुडवायची गरज नाही, कापसाची काडी आयसोप्रोपिलमध्ये भिजवून तेवढ्याच जागी हलक्या हाताने फिरवा, खालचा रंग सुटायला लागतोय का बघत बघत.