माझगावातलं जुनं ग्लोरिया चर्च कुठे गेलं, आणि त्याच्या आसपासच्या वस्तीचा इतिहास कसा शोधायचा?

तुम्ही विचारलंय की पणजोबांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर "ग्लोरिया चर्च, माझगाव, १८८४" असं आहे, पण ग्लोरिया तर भायखळ्याला स्टेशनजवळ आहे, मग दाखला चुकीचा आहे का आणि त्यांची वस्ती नेमकी कुठली ते कसं कळणार. मी माझगावातच वाढलो आणि जुन्या पॅरिश रजिस्टरांमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या लोकांच्या नोंदवह्यांमध्ये, बरेच तास घालवलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दाखला एकदम बरोबर आहे. आज भायखळ्याला जे उंच मनोऱ्याचं गॉथिक चर्च दिसतं ते १९११ ते १९१३ मध्ये बांधलेलं आहे. मूळ ग्लोरिया माझगावात होतं, १६३२ चं, फ्रान्सिस्कन पाद्र्यांचं. त्यावेळी माझगाव हे वेगळं बेट होतं आणि पोर्तुगालच्या राजाने १५७२ मध्ये ते डिसोझा ई लिमा घराण्याला कायमचं देऊन टाकलं होतं, त्यांच्याच आधाराने ते चर्च उभं राहिलं. पुढे इंग्रज आले, १७२० मध्ये त्यांनी फ्रान्सिस्कनांना मुंबईतून घालवून कार्मेलाइट पंथाचे पाद्री आणले, तरी चर्च तिथेच राहिलं आणि भायखळ्याची नवी इमारत झाली त्या काळात ते पाडलं गेलं. म्हणजे जवळजवळ २८० वर्षं उभं असलेलं चर्च गेलं, आणि आज माझगावात राहणाऱ्या बऱ्याच जणांना ते होतं हेही माहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण इमारत पाडली तरी पॅरिश संपत नाही. पॅरिशबरोबर रजिस्टरंही जातात, म्हणून तुमची सुरुवात भायखळ्याच्या पॅरिश ऑफिसमधूनच करा. आधी फादरना पत्र लिहा, नाव आणि साधारण वर्ष द्या, आणि नुसता नवा दाखला मागू नका, मूळ नोंद बघायला मिळेल का ते विचारा. हे मी मुद्दाम सांगतोय कारण दाखल्यावर चार-पाच गोष्टीच उतरवतात पण मूळ नोंदीत कितीतरी जास्त असतं. तपकिरी पडलेली शाई, कागदाच्या मागच्या बाजूची अक्षरं पुढे उमटलेली, भाषा लॅटिन किंवा पोर्तुगीज, पण एकदा साचा कळला की वाचता येतं: बाप्तिस्म्याची तारीख, जन्मतारीख, आईबाप, ते कुठले, आणि गॉडफादर-गॉडमदर, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणारे.

त्या शेवटच्या दोन नावांवर सगळ्यात जास्त लक्ष द्या. लोक फक्त स्वतःच्या पणजोबांची ओळ शोधतात, फोटो काढतात आणि निघतात. पण गॉडफादर म्हणजे बहुतेक वेळा मामा, काका नाहीतर शेजारी. पणजोबांच्या सगळ्या भावंडांच्या नोंदी काढा, त्यांच्या गॉडपेरेंट्सची नावं एका वहीत लिहा, मग त्या माणसांच्या मुलांच्या नोंदी बघा, तुमची पणजी किंवा खापरपणजी तिथे गॉडमदर म्हणून उलट सापडते आणि असं करता करता दहा-पंधरा घरांची अख्खी वाडी समोर उभी राहते, ती कुठल्याच नकाशात मिळत नाही. डिसोझा आणि परेरा आडनावांची गर्दी एवढी असते की एक जोसेफ दुसऱ्या जोसेफपासून वेगळा करायलाही हाच मार्ग सगळ्यात भरवशाचा आहे.

तिथे सापडले नाहीत तर डॉकयार्ड रोडच्या रोझरी चर्चमध्ये विचारा, ते १७९४ चं. १७९४ पासूनच मुंबईतले कॅथलिक दोन अधिकारांत वाटले गेले, काही चर्चेस गोव्याच्या आर्चबिशपकडे म्हणजे पाद्रोआदोकडे (पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालची चर्चव्यवस्था) आणि काही रोमने नेमलेल्या व्हिकारकडे म्हणजे पोपच्या प्रतिनिधीकडे, आणि हा घोळ पूर्ण मिटायला १९२८ उजाडलं. त्यामुळे एकाच गल्लीतली दोन घरं दोन वेगळ्या चर्चला जायची असंही व्हायचं, आणि पाद्रोआदोकडच्या काही कागदांसाठी थेट गोव्याला लिहावं लागतं. मृत्यूच्या नोंदींसाठी शिवडीचं ख्रिश्चन कब्रस्तान, ते १८६० च्या दशकात सुरू झालं.

आता जागा. मुंबईचा १८६५ ते १८७२ चा लाफ्टनचा सर्व्हे नकाशा बघा, त्यात घरं, विहिरी, गल्ल्या सगळं दिसतं आणि पणजोबांच्या जन्माच्या थोडंच आधीचं आहे. त्यावर चर्च शोधा, मग आजच्या माझगाव डिव्हिजनच्या सी.एस. नंबरशी (जमिनीचा सर्व्हे क्रमांक) जुळवा, त्याची कागदपत्रं जुन्या कस्टम हाऊसमधल्या कलेक्टर ऑफिसला. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागारही सोडू नका. वस्ती का विखुरली हे समजून घ्यायचं असेल तर त्या तीस वर्षांत काय काय झालं ते बघा: १८८० ला प्रिन्सेस डॉक, १८९६ ला प्लेग, १८९८ ला शहरसुधारणेसाठीचा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, १९१० ला कुर्ला ते रे रोड हार्बर रेल्वे. ट्रस्टने आणि पोर्टने जमिनी घेतल्या त्याचे कागद असतात आणि त्यात भाडेकरूंची नावंही मिळू शकतात.

आणि प्लीज एकदा म्हातारपाखाडीत पायी जा. भंडारवाड्याच्या टेकडीखालची ही ईस्ट इंडियन (मुंबईतले मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक) वस्ती अजून शिल्लक आहे, बाहेरून लाकडी जिना चढणारी घरं, पुढे व्हरांडा. काका बॅप्टिस्टा, टिळकांचे होमरूलमधले सहकारी आणि पुढे मुंबईचे महापौर, १८६४ मध्ये इथेच जन्मले, म्हणजे तुमच्या पणजोबांपेक्षा वीस वर्षांनी मोठे. माझगावात आणि आसपास गल्लीच्या तोंडाला जे क्रूस आहेत त्यांच्या चौथऱ्यावरचा मजकूर वाचा, बरेचसे प्लेगच्या वर्षांतले आहेत आणि काहींवर बांधणाऱ्यांची नावं कोरलेली असतात. झेंडूच्या माळा आणि ऑइलपेंटच्या थरांखाली अक्षरं बुजतात, तिरप्या उजेडात म्हणजे सकाळी लवकर गेलात तर नीट वाचता येतात. जुन्या घरातल्या आजी-आजोबांशी मराठीतच बोला, ईस्ट इंडियन लोकांची घरची बोली मराठीच, आणि सोबत नुसतं आडनाव नको, गॉडपेरेंट्सची ती यादी न्या, ती वाचून दाखवली की लोकांना घरं आठवतात.

दाखल्यावर पणजोबांच्या वडिलांचा धंदा लिहिलाय का ते बघून कमेंटमध्ये सांगा. डॉकमध्ये किंवा रेल्वेत असतील तर पुढचा शोध वेगळ्या दफ्तरात करावा लागेल, ते मी तेव्हा लिहितो.