यंत्र कशानं जाणार, ते आधी लिही

सोलापूर, मे महिना

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता सावकाश पाहिला. वर 'पुढील दहा वर्षांचा देखभाल व आयुर्मान आराखडा' असं भारदस्त नाव, खाली ओळीच ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे तारीख. गिअरबॉक्स दर ऑफ-सीझनला, म्हणजे गाळप बंद असताना, उघडायचा, मोटरची बेअरिंगं दोन वर्षांनी, पंप दरवर्षी, टर्बाइन पाच वर्षांनी. साखर कारखान्यातल्या नोकरीच्या पहिल्याच वर्षात कार्यकारी संचालकांनी असं काम अंगावर टाकलं आणि तू ते उभं केलंस, मेहनत दिसते. पण त्यात एक रकाना नाही. हे यंत्र कशानं जाणार? तो रकाना नसल्यामुळे तारखा मागच्या वर्षीच्या यादीवरून आल्यात, आणि मागच्या वर्षीच्या त्याच्या मागच्या वर्षीवरून.

सुरुवात ऊस पिळतात त्या मिल हाऊसपासून कर, तिथं उत्तर सोपं आहे. रोलरचे दात, ट्रॅश प्लेट, केन नाइफ, ऊस कुटणाऱ्या श्रेडरचे हॅमर, ही सगळी झिजून जातात. उसाबरोबर माती येते, वाळू येते. हार्वेस्टरनं तोडलेला ऊस वाढला तशी ती आणखी येते. या वस्तूंचं वय वर्षांत मोजून काही कळत नाही, ते टनांत मोजायचं. हॅमरचा एक संच किती टन गाळपावर बदलावा लागला, एवढी एक नोंद तीन हंगामांची काढ. शेती खात्याकडून येणारा गाळपाचा अंदाज तिच्यापुढे ठेवला की पुढच्या हंगामाला किती संच लागतील हे तुला खरेदी खात्याच्या आधी कळेल.

बेअरिंगचं मात्र तसं नाही. कॅटलॉगात जे आयुष्य छापलेलं असतं ते त्या बेअरिंगचं मरणाचं वय नव्हे. एकसारखी शंभर बेअरिंगं एकसारख्या भारावर चालवली तर दहा निकामी होईपर्यंत जेवढे तास जातात, तोच हा आकडा. निम्मी बेअरिंगं त्याच्या सुमारे पाचपट चालतात. म्हणजे कॅटलॉगचे तास भरले म्हणून सरसकट बदलायला निघालीस, तर शंभरात नव्वद धडधाकट बेअरिंगं भंगारात जातील. आणि आपल्याकडे बेअरिंग त्या वयापर्यंत पोचतं कुठं? त्याच्या आधीच बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, धूळ आत जाते, ग्रीस चुकीचं किंवा नको तितकं भरलेलं असतं, दोन शाफ्ट जोडणारं कपलिंग सरळ लावलेलं नसतं, नाहीतर फिटरनं हातोड्यानं ठोकून बसवलेलं असतं. यांतल्या एकाही कारणावर 'दर दोन वर्षांनी बदला' हा इलाज नाही.

आता जरा वेगळ्या प्रांतात नेतो. युनायटेड एअरलाइन्समधल्या स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी १९७८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी विमानांच्या देखभालीवर एक अहवाल दिला. विमानाच्या भागांच्या बिघाडाचा इतिहास त्यांनी तपासला, तेव्हा वय वाढलं की बिघाडही वाढतो असं दाखवणारे भाग निघाले फक्त ११ टक्के. ६८ टक्के भागांत बिघाडाची शक्यता सर्वांत जास्त होती ती बसवल्या-बसवल्या; तो काळ सरला की पुढे ती जवळजवळ सारखीच राहत होती. विमानाचे आकडे साखर कारखान्याला जसेच्या तसे चिकटवू नकोस, आपल्याकडे झिजणाऱ्या वस्तू कितीतरी जास्त. पण ते ६८ टक्के वाचून मला तरी नवल वाटलं नाही, कारण मोळी टाकल्यानंतरचा पहिला आठवडा मी पाहिलाय. बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं, पूजा झाली, चेअरमनसाहेबांचं भाषण झालं, गव्हाणीत मोळी पडली आणि त्याच रात्री मिल उभी. कधी नवं गास्केट गळतं, कधी कपलिंगचा बोल्ट सैल राहिलेला असतो, कधी तेलाच्या पाइपात चिंधी सापडते. यातलं जुनं होऊन बिघडलेलं काय असतं? ऑफ-सीझनमध्ये आपण जिथं हात घातला, तिथलंच असतं.

तरीही दरवर्षी सगळं उघडायची आपली रीत सुटत नाही. चांगला चाललेला गिअरबॉक्स खोलून बघणं म्हणजे बाळाला झोप लागली का, हे त्याला उठवून विचारणं. तेलाचा नमुना तपासायला पाठव. हंगामाच्या शेवटच्या पंधरवड्यात, पूर्ण भारावर, कंपनं मोजून घे, कारण मिल थांबल्यावर मीटर काय दाखवणार? वरच्या झाकणातून दात बघ. तिन्ही ठिकाणी काही गडबड नसेल तर तक्त्यात लिही, 'या वर्षी उघडायचा नाही', आणि खाली सही कर. ही सही 'उघडा' म्हणण्यापेक्षा अवघड आहे. उघडून बिघडला तर नशीब म्हणतात, न उघडता बिघडला तर नाव घेतात. जुने फोरमन कुरकुर करतील, त्यांना कागद दाखव. त्यांच्या कानाला मात्र कमी लेखू नकोस. बेअरिंगवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ऐकणारा ऑइलमन पुष्कळदा मीटरच्या आधी सांगतो. फक्त तो सांगतो ते कुठं तरी लिहिलं जायला हवं.

तपासणी किती दिवसांनी, हेही अंदाजानं ठरवायचं नसतं. बिघाडाची पहिली खूण दिसल्यापासून यंत्र बंद पडेपर्यंत किती अवधी मिळतो, ते बघ. एखाद्या पंख्याच्या बेअरिंगला तो सहा आठवडे मिळत असेल, तर तपासणी तीन आठवड्यांच्या आत हवी. दर तीन महिन्यांनी केलेली तपासणी नुसती फाइल जाड करते. हंगामच जेमतेम शंभर दिवसांचा असेल, तर तिमाही तपासणी एकदा होणार आणि तीही बहुधा उशिरा.

शंभर दिवसांवरून आठवलं. तुझ्या तक्त्यातला सर्वांत मोठा खड्डा इथं आहे. पूर्वी हंगाम पाच-सहा महिने चालायचा. आता उजनी धरणात पाणी किती, पाऊस कसा आणि जिल्ह्यात कारखान्यांची गर्दी किती, यावर तो काही वर्षी शंभर दिवसही धड होत नाही. तू समजतेस की कमी चाललं म्हणजे कमी झिजलं. झिजणाऱ्या वस्तूंपुरतं खरं आहे. पण उरलेले आठ-नऊ महिने यंत्र उभं असतं आणि उभं असताना त्याचं वेगळं काहीतरी चाललेलं असतं. बॉयलरच्या नळ्यांवर, पाणी आधी तापवणाऱ्या इकॉनॉमायझरवर राख राहिली की पावसाळी हवेत ती ओल धरते आणि बाहेरून पत्रा खाते. आतल्या बाजूला पाणी अर्धवट राहिलं तर आतून. म्हणून राख काढून, आत कोरडं करून, चुनकळी किंवा सिलिका जेलचे ट्रे ठेवून बंद करायचं, नाहीतर औषध घातलेल्या पाण्यानं पूर्ण भरून ठेवायचं. मधली अवस्था सगळ्यांत वाईट. उभ्या मोटरला दमट हवा लागते. तिचे हीटर जुलैत चालू आहेत का, हे बघायला कुणाची तरी नेमणूक हवी. शेजारी चालू यंत्र असेल तर उभ्या बेअरिंगमध्ये एकाच जागी खुणा पडतात, तेव्हा महिन्यातून एकदा शाफ्ट थोडा फिरवून ठेवायचा. तक्त्यात 'ऑफ-सीझनमधली राखण' असा स्वतंत्र भाग कर. माझं मत विचारशील तर आपल्या भागात बॉयलरच्या कितीतरी नळ्या चालून नव्हे, बसून गेल्या आहेत.

बॉयलरचं वय तासांत मोज. भारतीय बॉयलर नियमावली, १९५० प्रमाणे ४०० अंश सेल्सिअस आणि त्यापुढे चालणाऱ्या बॉयलरच्या भागांची १,००,००० तास भरल्यावर उरलेल्या आयुष्यासाठी तपासणी करावी लागते. गणित करून बघ. फताटेवाडीजवळ एनटीपीसीचे ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत; तसा एखादा संच वर्षाला ८,००० तास चालला तर साडेबारा वर्षांत तिथं पोचेल. तुमचा सहवीज प्रकल्पाचा उच्च दाबाचा बॉयलर साठवलेल्या बगॅसवर २०० दिवस चालला, तर ४,८०० तासांच्या हिशोबानं एकवीस वर्षं लागतील. फक्त शंभर दिवसांचा हंगाम धरला तर चाळीसच्या पुढे. जुना, २१ बार एवढ्या कमी दाबाचा बॉयलर त्या तापमानापर्यंत जातच नाही, त्याला हे गणित लावू नकोस. त्याचं मरण नळीच्या जाडीत आहे. दर ऑफ-सीझनला त्याच ठरलेल्या जागांवर अल्ट्रासॉनिकनं जाडी मोज. समज, किमान जाडीपेक्षा ०.८ मिलिमीटर शिल्लक आहे आणि वर्षाला ०.२ कमी होतंय, तर चार वर्षं. म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या अंदाजपत्रकात नळ्यांची रक्कम यायला हवी. आयुर्मान आराखडा म्हणतात तो हाच, बाकी सजावट.

डिस्टिलरी उन्हाळ्यात चालते, म्हणून विजेच्या मोटरबद्दल थोडं. मोटरच्या पाटीवर सभोवतालचं तापमान लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा ४० अंश. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतला पारा त्याच्या वर जातो, पत्र्याच्या शेडखाली तर विचारूच नकोस. इन्सुलेशनसाठी ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. तेव्हा मोटर कधी रिवाइंड करायची याची तारीख लिहिण्याआधी तिचा कूलिंग फॅन साफ आहे का, शेडला हवा आहे का, पूर्ण भारावर चालते की थोडी मोकळी, हे लिही. मोटरचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह आणि यंत्रं आपोआप चालवणारे पीएलसी यांचं तर आणखी निराळं. त्यांतले कपॅसिटर वापर नसला तरी म्हातारे होतात, आणि कंपनी ते मॉडेलच बंद करते. तिथं आयुष्य तू ठरवत नाहीस, कंपनी ठरवते. वर्षातून एकदा विक्रेत्याला लेखी विचार, सुटे भाग कधीपर्यंत मिळतील.

काही आयुष्यं तर यंत्राशी संबंध नसलेल्या कारणानं संपतात. सिद्धेश्वर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी जून २०२३ मध्ये विमानसेवेला अडथळा म्हणून पाडली गेली. त्यावर सोलापुरात दोन तट आहेत, मी त्यात पडत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि ज्यांनी त्याच्या भरवशावर यंत्रं घेतली होती त्यांची गणितं एका कागदानं बदलली. नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, आपल्या कापड गिरण्या बंद झाल्या, त्याही काही माग झिजले म्हणून नव्हे. म्हणून दहा वर्षांचा आराखडा दर ऑफ-सीझनला पुन्हा लिहायचा. पहिली दोन वर्षं पक्की, पुढची तीन साधारण आणि शेवटची पाच पेन्सिलनं.

आता कुणाकडे दुर्लक्ष करायचं, ते. स्टँडबाय असलेला छोटा पंप, शेडचा एक्झॉस्ट फॅन, दिवे यांच्यापुढे बिनधास्त 'बिघडू दे, मग बदल' असं लिही. सुटा भाग स्टोअरमध्ये आहे एवढं बघ. याउलट काही वस्तू अशा आहेत की त्या मेल्या तरी कुणाला कळत नाही: वेग हाताबाहेर गेला की टर्बाइन बंद करणारा ओव्हरस्पीड ट्रिप, तेलाचा आणीबाणीचा पंप, सेफ्टी व्हॉल्व्ह, आग विझवायचा पंप. ही सगळी गप्प बसलेली असतात आणि गरज पडते त्या मिनिटाला कळतं. यांची चाचणी कधी, कुणी घेतली, याची वेगळी वही ठेव. तुझ्या तक्त्यात त्यातला फक्त सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, तोही बॉयलर तपासनीस बघतात म्हणून असावा.

संचालक मंडळापुढे जाशील तेव्हा 'क्रिटिकल' वगैरे शब्द नेऊ नकोस, तास ने. रोज ५,००० टन क्षमतेची मिल तासाला दोनशे टनांच्या आसपास गाळते. ती आठ तास उभी राहिली तर साडेसोळाशे टन ऊस यार्डात थांबतो, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर येते, तोडलेल्या उसाचं वजन आणि साखर दोन्ही उतरतात, टाकीतला रस आंबायला लागतो आणि वीज विकायची थांबते. संचालकांतले निम्मे स्वतः ऊस घालणारे असतात, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. मग शेजारी स्पेअर रोलरची किंमत ठेव.

आणि लॉगबुक. तुमच्याकडे 'बेअरिंग बदलले', 'काम झाले', 'मशीन चालू केले' एवढंच लिहितात, हे न बघताही मला ठाऊक आहे. हंगामी माणसं एप्रिलमध्ये गावी गेली की कारण त्यांच्याबरोबर जातं. काढलेलं बेअरिंग फेकायच्या आधी कापून बघ, काय दिसलं ते एका ओळीत लिहायला लाव, मोबाइलवर फोटो काढ. सुरुवातीला हसतील.

सगळ्या ओळी एकदम बदलायला घेऊ नकोस. गेल्या दोन हंगामांत ज्यांनी मिल थांबवली अशी वीस यंत्रं निवड आणि 'कशानं जाणार', 'कुठल्या मापानं मोजायचं', 'काय करायचं' हे तीन रकाने भरून जूनअखेर पाठव. बॉयलर आणि टर्बाइनच्या ओळी मात्र एकटीनं लिहू नकोस, तुमच्या चीफ इंजिनिअरसाहेबांबरोबर बसूनच लिही.

तुझा,
काका