जीमेलवर रोज शंभरेक मेल येतात, इनबॉक्स आवाक्यात कसा ठेवू?

आधी शॉर्टकट चालू करा, जीमेलमध्ये ते मुळात बंद असतात. संगणकावर वरच्या दातेरी चाकावर क्लिक करून सगळ्या सेटिंग्ज उघडा, ‘कीबोर्ड शॉर्टकट’ चालू करा आणि पार खाली जाऊन बदल सेव्ह करा (हेच बरेच जण विसरतात). मग ‘जे’ आणि ‘के’ कळांनी मेलच्या यादीत खाली-वर जायचं. ‘ई’ दाबलं की मेल अर्काइव्ह. समोरून जातो, पण शोधला की सापडतो.

खरा फरक मात्र फिल्टरने, म्हणजे येणारे मेल आपोआप वेगळे करणाऱ्या नियमांनी पडतो. माझ्याकडे वीजबिलाचे मेल इनबॉक्स टाळून थेट ‘बिलं’ या लेबलखाली जातात, महिन्यातून एकदा बघते. बँकेच्या सूचनांना मात्र असा फिल्टर अजिबात लावू नका.

‘अनडू सेंड’ची, म्हणजे पाठवलेला मेल मागे घेण्याची मुदतही ५ वरून ३० सेकंदांवर न्या. अटॅचमेंट राहिली की तेवढा वेळ लागतोच.