दिवस माणसं बघून ठरव

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

कंपनी आठवड्याला तीन दिवस ऑफिसात बोलावते, तर ते कुठले घेऊ, असं तू काल फोनवर विचारलंस. उत्तरही तूच दिलंस: गुरुवार नको, वाटेवरच्या बाणस्तारीच्या आठवडी बाजारामुळे बस रखडते. अगो, पण तुझी टीम गुरुवारीच एकत्र बसते ना? मग गुरुवारीच जायचं. रस्ता बघून दिवस निवडू नकोस, माणसं बघून निवड.

फोंड्याहून पणजी गाठायची आणि तिथेही कानाला हेडफोन लावून दिवसभर कॉलवरच बसायचं असेल, तर ती फेरी फुकट. घरून काम करणाऱ्याला मी कामचुकार म्हणत नाही. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम कंपनीतला प्रयोग २०२४ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. आठवड्यातले २ दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी घटली नाही, उलट नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने उतरलं. ते दोन दिवस तू खुशाल घे. मला काळजी आहे ती उरलेल्या तिनांची, कारण तू नवी आहेस.

मी ड्रॉइंग ऑफिसात लागले तेव्हा माझी शिकवणी कुणी घेतली नाही. शेजारच्या टेबलावर साहेब कंत्राटदारांशी फोनवर बोलायचे. समोरचा चिडलेला असला की आधी त्याला पुरतं बोलू द्यायचे. मग नकाशा उलगडून, नडलेल्या जागेवर बोट ठेवून, 'आज बघतो' न म्हणता 'परवा दुपारी देतो' म्हणायचे. आणि परवा दुपारी द्यायचेच. हे कुठल्या मीटिंगमध्ये शिकवतात? २०२० च्या टाळेबंदीत आमच्याकडे लागलेली मुलं हुशार होती, रेघ सुबक काढायची, पण कंत्राटदाराचा फोन आला की त्यांची बोबडी वळायची. त्यांना शेजारी बसवायला मला मिळालं नाही, ती रुखरुख अजून जात नाही. म्हणून परत सांगते, माणसं बघून दिवस ठरव.

माझी मुलं आजीकडे वाढली, असं नातेवाईक अजून ऐकवतात. वाढली, आणि चांगली वाढली. त्या टेबलाशेजारी बसले नसते, तर पुढे माझ्या सहीने एकही नकाशा बाहेर गेला नसता. यात मला कुणाची माफी मागायची नाही.

एकटीने डोकं घालायचं काम घरच्या दिवसांना ठेव. आईला सांग, दहा ते एक तू घरात नाहीस. सिलिंडर आला तरी हाक मारायची नाही. चवथीला मात्र गणपतीवर फळापानांची माटोळी बांधताना लॅपटॉप उघडा ठेवू नकोस, सरळ रजा टाक.

सोमवारी टीम लीडला विचार, तुम्ही कुठल्या दिवशी असता? सांगतील ते दोन दिवस पक्के धर. तिसरा तुझ्या सोयीचा घे. गुरुवारी लवकरची बस पकड.

तुझी,
मावशी