उत्तर: गेमला अपडेट येत नाहीत, वर्षाचा पास घ्यावा का?

तुम्ही लिहिलेलं सगळं ओळखीचं आहे. कित्येक वर्षं खेळत असलेला मोबाइल शूटर (गोळीबाराचा गेम), गेल्या काही महिन्यांत एकही नवा मॅप (लढायचं मैदान) नाही, त्याच कंपनीच्या दुसऱ्या गेमला मात्र दर पंधरा दिवसांनी नवं काहीतरी, आणि आता वर्षाचा पास, म्हणजे पुढच्या वर्षभराच्या कंटेंटचे आगाऊ पैसे, अर्ध्याहून कमी किमतीत. "त्या गेममधून एवढा पैसा येतोय, मग थोडा इकडे का वळवत नाहीत?" हा तुमचा प्रश्न आमच्या क्लॅनमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या गटात, रोज निघायचा. आम्ही बहुतेक इंदूरचेच, दोघंतिघं देवास आणि महूचे.

पास घेऊ नका, हे आधीच सांगतो. बाकीचं सविस्तर लिहितोय, कारण पैसे भरायच्या आधी आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं.

मी गेम स्टुडिओत काम केलेलं नाही. विजयनगरला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करतो. पण माणसं कशी हलवतात ते तिथेही तेच असतं. मोठ्या ग्राहकाचं काम अडलं की शांत चाललेल्या प्रोजेक्टमधले सगळ्यात जाणते लोक आधी उचलले जातात. "दोन आठवड्यांसाठी" म्हणून जातात आणि परत येत नाहीत.

तुमचा प्रश्न पैशाचा आहे, पण कंपनीचं अडतं माणसांवर. गेम अचानक चालला की सर्व्हर कोसळतात, चीटर येतात, दर सीझनला (गेमचा काही आठवडे-महिन्यांचा टप्पा) नवं द्यावं लागतं. बाहेरून माणूस घेतला तर त्याला इंजिन (गेम ज्यावर बांधलेला असतो ते सॉफ्टवेअर) आणि आतली साधनं समजायलाच महिने जातात. पंगत ऐन रंगात असताना नवा आचारी शिकवत बसत नाहीत, शेजारच्या चुलीवरचा उचलून आणतात. तसा घरातल्याच दुसऱ्या गेमचा प्रोग्रामर उद्यापासून कामाला लागू शकतो. म्हणून खजिना भरलेला असला तरी कमजोर गेम रिकामा होत जातो.

याचं सगळ्यात उघड उदाहरण एपिक या गेम कंपनीचं. सप्टेंबर 2017 मध्ये त्यांच्या फोर्टनाइटचा बॅटल रॉयाल (शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो असा प्रकार) आला आणि कंपनीनं आधी कधी पाहिली नव्हती एवढी गर्दी झाली. त्यांचा पॅरागॉन नावाचा गेम तेव्हा चाचपडत होता. त्याच्या टीममधले बरेच लोक फोर्टनाइटकडे गेले आहेत, हे एपिकनं खेळाडूंना स्वतःहून सांगितलं. जानेवारी 2018 मध्ये बंदची घोषणा झाली, एप्रिलअखेर सर्व्हर बंद झाले. पण त्यांनी प्रत्येक खेळाडूला, कुठल्याही प्लॅटफॉर्मवर घेतलेलं असो, पूर्ण पैसे परत देऊ केले. एपिकचाच नवा अनरिअल टुर्नामेंट, जो 2014 पासून खेळाडूंना सोबत घेऊन उघडपणे बनत होता, तोही त्याच काळात थांबला.

माणसं हलवली म्हणून मी कंपनीला दोष देत नाही. चालणाऱ्या गेमला सांभाळणं हे त्यांचं काम आहे आणि त्यावर शेकडो लोकांचे पगार आहेत. राग येतो तो लपवण्याचा. 2019 मध्ये रिस्पॉन स्टुडिओनं एपेक्स लेजंड्स या आपल्या नव्या गेमकडे लक्ष द्यायचं म्हणून टायटनफॉल या जुन्या गेमचे पुढचे बेत मागे ढकलले, आणि स्टार वॉर्सच्या गेममधून माणसं काढत नसल्याचंही सोबत लिहिलं. वाचणाऱ्याला कळलं आपण कुठे उभे आहोत. उलट डिसेंबर 2018 मध्ये ब्लिझार्ड कंपनीनं हीरोज ऑफ द स्टॉर्म या आपल्या गेममधले डेव्हलपर दुसरीकडे हलवत असल्याचं सांगितलं, आणि त्याच पत्रात पुढच्या वर्षीची मोठी स्पर्धा होणार नाही हेही टाकलं. ज्यांनी नोकरी-शिक्षण बाजूला ठेवून संघ बांधले होते, त्यांना ते सगळ्या जगाबरोबरच कळलं.

आता आमचं. गेमचं नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही.

पहिली खूण पिंगची होती, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांची; जितकं कमी तितकं चांगलं. इंदूरहून मुंबईच्या सर्व्हरवर पिंग 40 च्या आसपास असायचं. एका रात्री स्क्रिम (सरावाचा सामना) सुरू झाली आणि सगळ्यांचंच शंभराच्या वर. गोळी आधी मारलीय, तरी मरतोय आपणच. प्रत्येकाला वाटलं घरचं वायफाय गेलं. एकानं राउटर बदलला, एकानं सिम. खरं म्हणजे मुंबईचा सर्व्हर सिंगापूरच्या सर्व्हरमध्ये मिसळून टाकला होता आणि पॅच नोट्समध्ये (अपडेटमध्ये काय बदललं त्याची यादी) एकच ओळ होती: "मॅचमेकिंगमध्ये सुधारणा". मग लॉबीत बॉट (माणसाऐवजी संगणक चालवतो ते खेळाडू) वाढले, जुना इव्हेंट नाव बदलून परत आला, स्किन (पात्रांचे पोशाख) म्हणून जुन्याच स्किन नव्या रंगात यायला लागल्या. सीझन लांबला. नवीन मोड काढून टाकला. हे सगळं तुमच्या पोस्टमध्येही आहे, फक्त पिंगचं तुम्ही लिहिलेलं नाही. बघा एकदा.

दिवाळीच्या सुमारास वर्षाच्या पासवर मोठी सवलत आली. तेव्हा आम्ही सरळ कंपनीच्या हेल्प डेस्कला लिहिलं: गेमवर काम चालू आहे का, पुढचं वर्षभर सीझन येणार का? उत्तर आलं, "प्रिय खेळाडू, तुमच्या उत्साहाबद्दल आभार. आमची टीम रोमांचक कंटेंटवर मेहनत घेत आहे. जोडलेले राहा." तोच प्रश्न आमच्यातल्या तिघांनी वेगवेगळ्या आयडीवरून विचारला, तिघांना तेच उत्तर, स्वल्पविरामासकट. त्या लेखी उत्तरावर विसंबून अख्ख्या क्लॅननं पास घेतले. देवासचा एक मुलगा तेव्हा अकरावीत होता, आजीनं दिवाळीला दिलेले पैसे त्यानं त्यात घातले.

होळीच्या आधी गेम बंद होत असल्याची सूचना आली. पैसे परत मिळणार होते ते फक्त शेवटच्या महिन्याभरातल्या खरेदीचे. आमचे पास त्याच्या बाहेर. हेल्प डेस्क म्हणे ॲप स्टोअरकडे जा, ॲप स्टोअर म्हणे डेव्हलपरशी बोला. दिवाळीचं ते उत्तर जोडून परत लिहिलं तर तक्रारीचं तिकीट "सोडवलं" म्हणून बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. एकाही माणसानं "हो, आम्ही असं लिहिलं होतं" एवढंसुद्धा म्हटलं नाही. त्या डेस्कवर बसलेल्या माणसाला कदाचित खरंच माहीत नसेल की गेमची टीम केव्हाच दुसरीकडे गेली आहे. पण मग ज्याला माहीत नाही त्याच्याकडून "टीम मेहनत घेत आहे" असं का लिहवून घेता? तो देवासचा मुलगा नंतर कुठल्याच गेममध्ये आमच्याबरोबर आला नाही. मला पैशांपेक्षा याचं जास्त वाईट वाटतं.

म्हणून आता एक ठाम मत: हेल्प डेस्कला विचारणं हा पुरावा धरू नका. त्याऐवजी कंपनीच्या वेबसाइटवर नोकऱ्यांचं पान उघडा. तुमच्या गेमसाठी लेव्हल डिझायनर, सर्व्हर इंजिनीअर शोधतायत का, की सगळ्या जागा दुसऱ्याच गेमच्या आहेत? दुसरं, पुढच्या सीझनची तारीख जाहीर झाली आहे का ते बघा. "लवकरच" ही तारीख नसते.

कौतुक आणि बक्षिसांवरही जाऊ नका. एपेक्स लेजंड्सच्या मोबाइल आवृत्तीची चाचणी सुरुवातीलाच भारतात झाली होती, आपल्यातले बरेच जण खेळले असतील. मे 2022 मध्ये ती जगभर आली, ॲपलनं तिला त्या वर्षीचा सर्वोत्तम आयफोन गेम ठरवलं, आणि 31 जानेवारी 2023 ला बंदची घोषणा झाली. खरेदी त्याच दिवशी थांबवली, मे महिन्यात सर्व्हर गेले. कारण दिलं ते हेच की नवं कंटेंट हव्या त्या दर्जाचं आणि वेळेवर देता येत नाहीये.

उलटंही घडतं, नाही असं नाही. फायनल फँटसी 14 हा ऑनलाइन गेम सप्टेंबर 2010 मध्ये आला तो पडलाच. त्याची कंपनी स्क्वेअर एनिक्सनं डिसेंबरमध्ये नाओकी योशिदांकडे सूत्रं दिली, जुना गेम दुरुस्त करत करत त्याच वेळी नवा बांधला, आणि ऑगस्ट 2013 मध्ये तो परत आणला. तिथे कंपनीचं सगळ्यात मोठं नाव पणाला होतं. तुमच्या गेमवर कंपनीची तशी इज्जत टांगलेली आहे का, हे स्वतःला विचारा. बायोवेअर स्टुडिओच्या अँथम या गेमलाही दुसरा जन्म द्यायचं चाललं होतं. फेब्रुवारी 2021 मध्ये ते सोडलं आणि लोक ड्रॅगन एज, मास इफेक्ट या आपल्या दुसऱ्या गेमकडे वळवले.

खेळणं सोडा असं मी म्हणत नाही. खेळा, मजा येतेय तोवर खेळा, महिन्याचा छोटा पास परवडत असेल तर घ्या. फक्त पुढच्या वर्षाचे पैसे आज देऊ नका, आणि साठवलेली गेममधली नाणी वापरून टाका.

तुमच्यापैकी कोणी पास आधीच घेतला असेल तर गूगल प्लेवर 48 तासांच्या आत परतावा मागणं सोपं जातं, नंतर ते डेव्हलपरकडे ढकलतात. बिलाचे ईमेल आणि यूपीआयची पावती जपून ठेवा, हेल्प डेस्कच्या उत्तराचा तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. 2019 च्या ग्राहक कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मी वकील नाही, रक्कम मोठी असेल तर कोणाला तरी दाखवून घ्या. गेमच्या अटींमध्ये बहुधा "नाण्यांना पैशाचं मूल्य नाही" असं लिहिलेलं असतं, म्हणून "वर्षभर सेवा देऊ म्हणून पास विकला" या मुद्द्यावर बोला.

आणि क्लॅनचा व्हॉट्सॲप ग्रुप नसेल तर आजच बनवा. आमची अर्धी माणसं फक्त गेमच्या चॅटमध्ये होती, त्यांची खरी नावंसुद्धा आम्हाला माहीत नव्हती. सर्व्हर गेला तसे तेही गेले.

शेवटच्या तीन पॅच नोट्स इथे चिकटवाल का? आणि मुंबईचा सर्व्हर यादीत अजून दिसतोय का ते सांगा. पासची सवलत कधी संपतेय तेही लिहा, त्याआधी बघून सांगतो.