जंगलांचा कारभार शाश्वत करायचा तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा आहे की भारतातली जंगलं शाश्वत पद्धतीने सांभाळायची तर आधी काय बदलावं: धोरण, वनखातं की वृक्षलागवड? मी काही वर्षं गडचिरोली-चंद्रपूरकडे ग्रामसभांच्या व्यवस्थापन आराखड्यांच्या कामात होतो, त्यामुळे माझं उत्तर तिकडे झुकलेलं असणार. माझ्या मते आधी वाहतूक परवान्याची वही, म्हणजे जंगलातला माल बाहेर न्यायची परवानगी देणारं पुस्तक, कोणाच्या हातात आहे ते बघा.

धोरण केव्हाच बदललंय. १९७६ च्या राष्ट्रीय कृषी आयोगाने औद्योगिक लाकडाच्या उत्पादनावर भर दिला होता. मिश्र जंगल तोडून साग लावणं त्याच विचारातून आलं. आपलं नागपूरचं वनविकास महामंडळही त्याच काळातलं, १९७४ चं. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने हे उलटं केलं. पर्यावरणाचा समतोल आधी, महसूल नंतर; स्थानिकांच्या गरजा आधी, कारखान्यांना सवलतीचा माल बंद. कागदावर याहून चांगलं काय लिहिणार? पण कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) कोणी पाडायचा, माल कोणी विकायचा, पैसे कुठे जमा व्हायचे, हे तसंच राहिलं.

बांबूचं उदाहरण घ्या. १९२७ च्या वन कायद्यात बांबू 'झाड' होता, म्हणजे खात्याचा. कर्नाटकात कागद गिरणीला तो टनामागे दीड रुपयाने मिळत होता, आणि टोपल्या विणणाऱ्या बुरडाला बाजारभावाने विकत घ्यावा लागत होता. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी तिथे केलेला अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. बांबूच्या रांजीभोवतीचं (बेटाभोवतीचं) काटेरी जाळं साफ केलं की वाढ चांगली होते, असा खात्याचा समज होता. प्रत्यक्षात काटे गेले की गुरं कोवळे कोंब खाऊन टाकतात. हे गावकऱ्यांना माहीत होतं, त्यांना विचारलं कोणी नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज (मध, डिंकासारखा जंगलातला इतर माल) ठरवला आणि त्याची मालकी स्थानिकांना दिली. तरीही वाहतुकीचा परवाना वनखात्याकडेच राहिला, म्हणजे माल तुमचा पण गावाबाहेर नेलात की चोरी! गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडलं. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा कुठे ते झालं. वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या नियमांनी हा अधिकार सगळ्याच ग्रामसभांना दिला.

पुढे काय होतं ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावात दिसतं. बांबूविक्रीचे पैसे थेट ग्रामसभेकडे यायला लागल्यावर गावाने विडीसाठीचा तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. कारण त्यासाठी झुडपं छाटतात, आगी लावतात, आणि जंगलाचं नुकसान होतं. हातची कमाई कोणी सोडतं का? सोडतं, पुढच्या वर्षीचा बांबूही आपलाच आहे याची खात्री असेल तर. ठेकेदाराला ती खात्री नसते, त्यामुळे त्याला राखायचं कारणही नसतं.

सगळीकडे असं गोड चित्र नाही. ग्रामसभेला हिशेब ठेवता येत नसला की व्यापारीच हिशेब ठेवतो, आणि मग काय होतं ते सांगायला नको. म्हणून वनखातं बरखास्त करा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. वणवा, रोग, रोपांची निवड, किती कापलं तर किती उगवेल याचं मोजमाप, यासाठी वनाधिकारी हवेच. फक्त मालक म्हणून नव्हे, सल्लागार म्हणून.

वृक्षलागवडीच्या आकड्यांवर मात्र जाऊ नका. २०२३ च्या वनस्थिती अहवालात देशाचं वनाच्छादन २१.७६ टक्के आहे. एक हेक्टरहून मोठ्या जागेवर दहा टक्के झाडांचं छत्र दिसलं की ती 'वन' धरली जाते. निलगिरीची लागवड असो, आंबराई असो की ताडोबा, आकडा एकच.

राहिलं इमारती लाकूड. देशातलं बहुतेक लाकूड आज जंगलाबाहेरून, शेतातून येतं, शिवाय न्यूझीलंडचा पाइन बोटीने गुजरातच्या कांडला बंदरात उतरतो. शेतकऱ्याला स्वतःच्या बांधावरचा साग तोडायच्या परवानगीसाठी खेटे घालावे लागत असतील तर तो साग लावेल कशाला? २०१७ मध्ये जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून काढला, तसंच बांधावरच्या सागाचं करा. जंगलातल्या सागावरचा भार तेवढा कमी होईल.